निंबाजीराजांच्या एका घासाची बखर

॥ श्री ॥

चुलीतल्या अग्नीस नमन, त्यावर शिजणाऱ्या अन्नास नमन, आणि भुकेसही नमन असो, जी राव-रंक पाहत नाही व कोणाची हुजरेगिरी करीत नाही. शके अठराशे साठ, बहुधान्यनाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्यी राजपद बुडाले आणि प्रजेचा अंमल बसला, तो कैसा बसला, कोणी बसविला, आणि मध्ये कोण कोण उपाशी राहिले, त्याची हकीकत येथे लिहितो. राज्याचे नाव विचारू नये; ज्याचे त्याने मनात घालावे. जैसे पाहिले ऐकिले तैसे लिहिले आहे, कोणास झोंबल्यास वर पाणी प्यावे.

तर त्या राज्यी रिवाज ऐसा की, दोन प्रहरी महाराजांनी पहिला घास घ्यावा, मग बुरुजावरचा नगारा वाजावा, आणि मग सर्व नगरीने जेवावे. नगाऱ्याआधी जो अन्न तोंडात घालील त्याची गाढवावरून धिंड. दुधाचे दात पडले नाहीत त्या लेकरांस आणि अंथरुणास खिळलेल्यांस माफी. बाकी सावकार असो की मोळीविक्या, पान वाढून पुढ्यात घ्यावे, माशा वाराव्या आणि बुरुजाकडे कान लावावा. रिवाज कोणी घातला, कशापायी घातला, हे कोणास ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नव्हते म्हणूनच तो मोडायची कोणाची छाती होत नव्हती. गादीवर निंबाजीराजे होते. वय पन्नाशीचे, स्वभाव गरीब, बुद्धी मध्यम, खाणे बेताचे. राणीसाहेब निवर्तल्या होत्या, त्यांचे वृंदावन नदीकाठी बांधिले होते, आणि तेथे रोज सांजेस स्वहस्ते दिवा लावावा, हा एवढाच काय तो महाराजांचा हट्ट. त्या साली शेजारच्या राज्यांत प्रजा एकामागून एक हक्क मागू लागली होती, तो वारा इकडेही लागला, आणि लोक आधी ओसरीवर बोलू लागले, मग चौकात बोलू लागले, मग थेट वाड्याच्या दारी येऊन बोलू लागले. त्यांचे पुढारी अनंतपंत वकील, माणूस विद्वान आणि सज्जन, ते पुढे होऊन म्हणाले, "महाराज, राग नसावा, पण लोकांचे म्हणणे पडते की आता राजा नको." निंबाजीराजे म्हणाले, "बरे." पंतांनी भाषणाची मोठी तयारी करून आणिली होती, ती सगळी फुकट गेली.

मग पंतांनी विचारिले की, महाराजांस काय हवे? हत्ती, घोडे, जवाहीर, काय ते बोलावे. राजे म्हणाले, "हत्ती घेऊन मी काय करू पंत? मला या नगरीत राहू द्या. कुठेही एक खोली द्या. राणीसाहेबांच्या दिव्याला रोज कोण जाणार माझ्याशिवाय?" हे ऐकून सभेत खळबळ जाहली. कोणी म्हणे राहू द्या, कोणी म्हणे साप बिळात ठेवून घरात निजावे काय? बहुत वाद होऊन अखेर पंतांनीच तोड काढिली. ती ऐसी की, आपल्याकडे राजा कोणता, तर जो आधी जेवतो तो. तेव्हा निंबाजींनी नगरीत खुशाल राहावे, परंतु नगाऱ्याआधी त्यांनी एक घास जरी घेतला, तरी ते गादीवर हक्क सांगतात ऐसे मानून त्यांस हद्दपार करावे, पुन्हा या मातीस पाय लावू देऊ नये. राजांनी मान्य केले आणि अंगावरच्या कपड्यानिशी वाड्याबाहेर पडले. त्या दिवशी सभेने छत्र मोडिले, चवऱ्या मोडिल्या, मुजरा बंद केला, सिंहासन गोदामात टाकिले, सर्व काही मोडिले. नगारा मोडायचा ठराव मात्र नेमका भर दुपारी निघाला. सभासदांच्या पोटात कावळे कोकलत होते, राजा तर आता उरला नव्हता, आणि नगारा वाजल्यावाचून कोणास जेववेना. तेव्हा सर्वांनी पंतांस हातापाया पडून म्हटले, "आजच्यापुरते तुम्ही घ्या हो घास, बाकीचे उद्या बघू." पंतांनी घास घेतला, नगारा वाजला, सभा जेवावयास उठली. तो उद्या काही आला नाही. एवढी शहाणी माणसे, पण दुपारच्या भुकेपुढे कोणाचे काही चालत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

निंबाजींस कासारआळीत कोंडाबाई कासारणीने खोली दिली. ही कोंडाबाई विधवा बाई, बांगड्यांची दुरडी डोईवर घेऊन घरोघर फिरणारी, अंगाने काटक, तोंडाने फटकळ, आणि कायद्याने नुसते 'निंबाजी' म्हणावयाचे असताही ती 'राजे'च म्हणे, पण ऐसे म्हणे की त्यात मान किती आणि टोमणा किती हे ओळखू येऊ नये. जेवणाच्या वेळी दारात सरकारी हवालदार उभा राही, निंबाजींच्या तोंडावर नजर ठेवी. पहिल्या दिवशी निंबाजी पानावर बसले, सवयीने घास उचलिला, तो हवालदाराने खाकरून दाखविले, तेव्हा त्यांनी हात आखडला आणि बसून राहिले. भाकरी निवली, कालवणावर साय धरली. निंबाजी हळूच म्हणाले, "कोंडाबाई, असे बसतात होय सगळे? इतकी वर्षे? मला कोणी बोलले नाही कधी." कोंडाबाई म्हणाली, "बसतो तर आम्ही. बोलणार कधी? आम्ही बोलायच्या वेळेला तुमचं तोंड भरलेलं असायचं." निंबाजी यावर खूप दिवस विचार करीत राहिले. पुढे ते भाकरी थापावयास शिकले, पाणी भरू लागले, दुरडी उचलून देऊ लागले, आणि सांज जाहली की नदीवर जाऊन दिवा लावून येत. आळीतली माणसे आधी बिचकत, मग बोलू लागली, मग उसनी साखर मागू लागली. हद्दपारीची धास्ती मनात होती, परंतु एरवी हे दिवस त्यांस सुखाचे गेले, ऐसे त्यांनीच पुढे सांगितले.

राज्याचे काय जाहले, तर अनंतपंतांनी अध्यक्ष म्हणून कारभार नेकीने चालविला, वेळेवर जेवले, कोणास उपाशी ठेविले नाही आणि म्हातारपणी वारले. मग सभेत दोन पक्ष पडले आणि दोघेही म्हणू लागले की खरे अध्यक्ष आमचेच. तेव्हा एक बुरुजावर आणि एक टाकसाळीवर, ऐसे दोन नगारे वाजू लागले. एकाच घरात नवरा बुरुजाचा आणि बायको टाकसाळीची, त्याने जेवून उठावे तेव्हा तिने वाढून घ्यावे, सासूने दोघांस बोल लावावे, ऐसा बहुत घोळ माजला. निंबाजी बिचारे दोन्ही नगारे होईतो थांबत. न जाणो, कोणता खरा ठरायचा. या धुमाळीत सेनापती रुद्राजी यांनी फौज आणून सभेस कुलूप घातले आणि हुकूम केला की ही सारी बेशिस्त आहे, सूर्य उगवताच आम्ही जेवणार आणि नगरीनेही जेवून कामास लागावे. लोक पहाटे डोळे चोळीत भाकरी चावू लागले. काही जण वाहवा करीत की बघा, कसे सगळे वेळेवर चालले आहे. पण उन्हे चढली की फौजेच्याच पोटात खड्डा पडू लागला. अखेर फौजेनेच रुद्राजींस घोड्यावर बसविले आणि सीमेपार पोचते केले. मग निवडणूक जाहली, मतपेट्या फुटल्या नाहीत, माणसे फुटली नाहीत, बाळकोबा नामे गृहस्थ अध्यक्ष निवडून आले, आणि बुरुजावरचा नगारा पुन्हा दोन प्रहरी वाजू लागला. अंगाने काडी, मनाने निर्मळ, दोन धोतरांवर संसार. लोकांस वाटले, आता भले होईल. आम्हासही वाटले होते.

बाळकोबांच्या मनी नगरीत सरकारी धान्यकोठारे बांधावीत ऐसे होते, आणि सभेत काही केल्या एकमत होईना. एके दिवशी ते उभे राहिले, डोळ्यांत पाणी आणिले आणि म्हणाले, "तुमचे भांडण मिटेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही." सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, बाहेर लोकांनी जयजयकार केला, आणि मग ज्याच्या त्याच्या ध्यानी आले की अरे, आता नगारा कधी वाजणार? पहिली दुपार गेली, पाने वाढून तैसीच झाकली. बाळकोबांचे जवळचे लोक तर त्यांच्याहून कडक; त्यांनी दवंडी पिटली की अध्यक्ष उपाशी असता जो चूल पेटवील तो देशद्रोही, आणि शिपाई गच्चीगच्चीवर धूर पाहत बसविले. दुसरी दुपार गेली. भांडण काही मिटेना, कारण उपाशी माणसे जास्तच भांडतात. तिसऱ्या दिवशी बाजार निम्मा मिटलेला, गुरांच्या चाऱ्याकडे माणसे बघू लागलेली, ऐसा प्रसंग प्राप्त जाहला.

त्या दिवशी कोंडाबाई दुरडी घेऊन चौकात आली आणि तेथेच भोवळ येऊन पडली. बांगड्या सगळ्या फुटून काचांचा सडा जाहला. निंबाजी धावत आले, तिचे डोके मांडीवर घेतले, पाणी पाजले. मग घरात गेले, चूल फुंकली आणि भाकरी टाकली. धूर निघाला तसे शिपाई धावले, आळी गोळा जाहली. निंबाजी भाकरी आणि मिठाचा खडा घेऊन चौकात आले आणि म्हणाले, "कोंडाबाई, एवढा तुकडा खा." तिने तोंड घट्ट मिटले, मान हलविली. "नगारा नाही झाला," म्हणाली. त्यांनी पुन्हा विनविले, तिने पुन्हा मान हलविली. हवालदार इतक्या वर्षांनी निंबाजींचा स्नेही जाहला होता, तो हळूच कानाशी म्हणाला, "राजे, भलतं काही करू नका. नदीवरचा दिवा आठवा." निंबाजींनी त्याकडे पाहिले, डोळे भरून आले. भाकरीचा तुकडा मोडिला, सर्वांदेखत आपल्या तोंडात घातला, चावला आणि गिळला. मग दुसरा तुकडा कोंडाबाईच्या ओठाशी नेला, आणि तिने खाल्ला.  थोड्या वेळाने कासारआळीच्या एका छपरातून धूर निघाला, मग दुसऱ्या, मग साऱ्या नगरीवर धूर जाहला, आणि शिपायांनी निंबाजींच्या हातांस काढण्या बांधून त्यांस नेले.

खटला न्यायाधीश नीळकंठशास्त्री यांजपुढे चालला. लोक इतके लोटले की खिडक्यांच्या गजांवर माणसे लटकली. बाळकोबांस खुर्चीत घालून आणिले होते, मान धरवत नव्हती. शास्त्री म्हणाले, "आरोपीने घास घेतला यात वाद नाही. वाद एवढाच, की तो राजा म्हणून घेतला काय? आरोपी, बोला." निंबाजी म्हणाले, "मला भूक लागली होती. तिलाही लागली होती." सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "हे जेवले म्हणून सारी नगरी जेवली! राजा दुसरा कसा असतो?" हा मुद्दा बिनतोड होता. शास्त्रींनीही मान डोलविली आणि म्हणाले, "ऐसे असेल तर हद्दपारीवाचून मार्ग नाही. परंतु लोक आपल्या आपण जेवले असतील, तर आरोपी सुटेल आणि लोकांवर नगाऱ्याचा कायदा लागेल, धिंड निघेल. नगरीतून कोणी साक्ष देणार आहे काय?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. निंबाजींस वाचवावे तर आपण गाढवावर बसावे लागणार, आणि चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे उमगून माणसांनी माना खाली घातल्या. त्यांस नावे ठेवणे सोपे आहे, पण तेथे उभे राहून पाहावे.

तेव्हा कोंडाबाई काठी टेकीत पुढे आली. म्हणाली, "साहेब, मी राजे जेवले म्हणून नाही जेवले." शास्त्री म्हणाले, "मग चौकात दोनदा मान का हलवलीस?" ती म्हणाली, "लोक बघत होते म्हणून! लाज वाटली. ती तोंडं चुकवता आली असती तर त्यांच्या हातातनं भाकरी हिसकून खाल्ली असती मी." लोक हसले. ती हसली नाही. म्हणाली, "आता लाज सोडलीच आहे तर सगळंच सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासनं मी रोज नगाऱ्याच्या आधी खाते. दाराआड. भाकरीचा कडेचा तुकडा, मीठ लावून. या तीन दिवसांत चूलच नाही पेटली, म्हणून भोवळ आली. नवरा होता तोवर त्याला नाही कळू दिलं. या राजेंना तर तोंडावर खोटं बोलले, की आम्ही बसून राहतो. साऱ्या नगरीत मी एकटीच पापी, असं वाटायचं मला. रात्ररात्र रडलेय मी त्यापायी. काय करायचं ते करा, पण माझ्या घासाची शिक्षा त्यांना नका देऊ." ऐसे बोलून ती मटकन खाली बसली. निंबाजी रडू लागले.

 मग बायकांच्या बाजूने एक सोनारीण उठली आणि म्हणाली, "एकटी कसली गं, मावशी? मी सुद्धा. पोह्यांचा डबा उतरंडीत ठेवते." दुसरी म्हणाली, "मी गूळ." मग एक लोहार उठला, त्याने बंडीच्या खिशातून फुटाणे काढून दाखविले, आणि म्हणाला, "घण मारायचा म्हणजे उपाशी पोटी कसं जमेल?" त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली, म्हणाली, "आणि मी तुमच्यापासून चोरून खात होते!" मग पुजारी उठला, तालीमबाज उठले, हवालदार उठला, आणि पाहता पाहता सारी सदर उभी राहिली, आणि कोण काय कोठे लपवून खात होता हे एकमेकांस सांगण्याचा ऐसा गलका जाहला की भालदारास काठी आपटून आपटून हात दुखले. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक जण चोरून खात होता, आणि प्रत्येकास वाटत होते की बाकी सगळे थांबले आहेत. एवढ्यावरच तो रिवाज, ते राज्य, ती गादी आणि गादीनंतरचे सगळे अध्यक्ष टिकले होते. कारकुनाने धिंडीचा हिशेब मांडू पाहिला, पण इतकी गाढवे नगरीत कोठून आणावी, आणि ती हाकावी कोणी? शास्त्रींनी पगडी काढून समोर ठेविली, आणि तीत जे शेंगदाणे होते ते सर्वांनी पाहिले.

एक बाळकोबा मात्र खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी खरोखरच काही खाल्ले नव्हते, या उपासात नाही आणि जन्मात कधी नगाऱ्याआधी नाही. ते क्षीण आवाजाने म्हणाले, "सगळेच? मग मी कोणासाठी थांबलो होतो?"  ज्यांनी धूर पाहावयास शिपाई बसविले होते ते मागच्या मागे निसटले. तेव्हा कोंडाबाईनेच कमरेची चंची सोडली, तीतून खारकेचा तुकडा काढिला आणि त्यांच्या हातावर ठेवून म्हणाली, "घ्या बाबा. आता कोणी बघत नाही." बाळकोबांनी तो तोंडात घातला आणि लहान लेकरासारखे हमसून रडले. निंबाजी निर्दोष सुटले. नगारा मोडायचा ठराव, जो इतकी वर्षे उद्यावर पडला होता, तो उभ्या उभ्या मंजूर जाहला.

दुसऱ्या दिवशी दोन प्रहर जाहले आणि नगारा वाजला नाही. नगरीस मोठे चमत्कारिक वाटले. कोणी सवयीने थांबले, कोणी घाईने जेवले, कोणी दारात येऊन शेजाऱ्याचे काय चालले आहे ते बघून गेले. स्वातंत्र्य मिळाले तरी पहिला घास घशात अडकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. कोंडाबाईने दोन पाने मांडिली, दार सताड उघडे ठेविले आणि म्हणाली, "बसा, राजे." निंबाजी पाटावर बसले, पानाकडे पाहिले, आणि म्हणाले, "कोंडाबाई, मला आज भूक नाही." हे बोलले मात्र आणि स्वतःच दचकले, दाराबाहेर पाहू लागले. बाहेर काही जाहले नाही. समोरच्या घरात कोणी ठसका लागून पाणी मागत होते, पलीकडे पोरे ताटातल्या आंब्याच्या फोडीवरून भांडत होती, लोहार ढेकर देऊन घणाकडे निघाला होता. कोंडाबाई म्हणाली, "नसेल तर राहू द्या. मी जेवते बाई," आणि मांडी घालून, आळीच्या देखत, पोटभर जेवली. निंबाजी तिला वाढीत बसले आणि सांज होताच नदीकडे गेले.

येणेप्रमाणे जाहले. राजपद बहुधान्य संवत्सरी बुडाले ऐसे सभेच्या दप्तरी लिहिले आहे आणि पोरे शाळेत तेच घोकतात. आमच्या मते ते याच दुपारी बुडाले. राजास भूक नव्हती, आणि नगरी जेवली.